अनंताला तांबडी माती

लालबाग,
१२ एप्रिल २०२५

प्रिय दुर्गेस,
वैनीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. माझ्या अनिशला ऑफिसात बढती मिळाली. माझे गुडघे कुरकुरतात, पण नव्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तुझ्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अनिशने पक्की केली, सहा मे. तू दोन तारखेलाच ये. खिडकीजवळचा पलंग तुझा. चादर धुऊन ठेवली आहे, नंतर म्हणू नकोस की वैनीने जुनं गोधडं गळ्यात मारलं.

पत्र बघून हसली असशील. एक दिवसाआड फोन होतो, मग हे कशाला? तर फोनवर मला खोटं पटकन बोलता येतं. कागदावर हात अडतो. समोरच्या दाराच्या रुपालीचा दीर, निलेश, उद्या गावाला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणून इतके कागद झाले. उजव्या डोळ्याने दिसतं ना, मग तुझं तूच वाच. शेजारच्या मेघनाकडून वाचून घेऊ नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तर, आपला अनंत.

तू आलीस की पिशवी खाली ठेवायच्या आधी गॅलरीत जाणार, हे मला ठाऊक आहे. तिथे तुला फोटोतलं झाड दिसणार नाही. गेल्या जूनमध्ये मी पाठवला तो फोटो, फुलांनी लगडलेल्या झाडाचा, तो आपला अनंत नव्हताच. रुपालीचा होता. तू म्हणालीस, "वैनी, कुंडी येगळी दिसता ही." मी म्हटलं, "बदलली गो," आणि दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

आपलं झाड तेव्हा अर्धमेलं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कळी धरायची आणि वाटाण्याएवढी झाली की गळायची.

करणी माझीच. आम्ही इथे राहायला आलो आणि मग समोरची आपली चाळ पाडली. कोणी दारावरची पाटी आणली, कोणी जिन्याचा कठडा. मी चौकातली दोन पिशव्या माती आणली. आपला पत्र्याचा डबा तळाशी गंजून फुटला होता. म्हणून झाड काढलं, मुळं स्वच्छ धुतली आणि नव्या कुंडीत त्या मातीत लावलं. जिथे इतकी वर्षं फुललं तिथलीच माती, याहून बरी कुठली, असं मला वाटलं.

तू पाठवलेली तांबड्या मातीची गोणी तेव्हा दारातच होती. ती मी उघडलीसुद्धा नाही. रुपालीला देऊन टाकली, वर अनंताची एक फांदी दिली. तिने ती फांदी तुझ्या मातीत लावली. पुढचं तू फोटोत पाहिलंस.

शेवटी फेब्रुवारीत मूठभर माती पुडीत बांधून भायखळ्याला गेले. तिथे चिंतामणी म्हणून एक रोपं विकणारा आहे. तो जेवायला बसला होता. पुडी उघडून त्याने डब्यातली लिंबाची फोड मातीवर पिळली. दुर्गे, माती फसफसली गो! सोडा घातल्यासारखी.

"मावशी," तो म्हणाला, "ही माती नाय, भिंत आहे भिंत. नुसता चुना. अनंताला आंबट माती लागते, लाल माती."

मी कशाला ऐकून घेते? म्हटलं, "आमच्या चाळीत तर ह्या मातीत तीस वर्षं फुलत होता."

"मग वरून कोणीतरी लाल माती घालत असणार," म्हणाला, आणि भाकरी मोडायला लागला.

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले. दर मे महिन्यात गावाहून येताना तुझ्या फणसाच्या पोत्याच्या तळाशी एक पिशवी असायची. ती तू अनंताच्या डब्यात रिकामी करायचीस आणि हात धुऊन चहा ठेवायला जायचीस. आणि मी चाळभर सांगत फिरायचे, माझ्या तांदळाच्या धुवणावर फुलतो म्हणून! तू एक अक्षर बोलली नाहीस. निदान एखादा टोमणा तरी मारायचास.

रुपालीकडे तुझी अर्धी गोणी अजून होती, वॉशिंग मशीनच्या मागे. लाज गिळून मागितली. जुनी माती पार झटकली, तुझी घातली. शिमग्यापर्यंत नवी पानं आली, हिरवीगार. आता एक कळी आहे. एकच. बोटाच्या पेराएवढी झाली तरी गळलेली नाही.

गोणी का देऊन टाकली, हे अजून लिहिलं नाही. तेवढ्यासाठीच हे सगळे कागद.

मला राग होता. आपण दोघी जावा, एका खोलीत तीस वर्षं. घरात नळ असेल, घरात मोरी असेल, असं बोलत बोलत आपण म्हाताऱ्या झालो. गणपत भावोजी गेले तेव्हाही मनाशी म्हटलं, दुर्गा आहे. आणि नव्या घराची चावी हातात आली तेव्हा तू म्हणालीस, "वैनी, मी आता गावाक रवतंय." मला वाटलं, तू मला टाकलंस. तो राग मी मातीवर काढला.

आता फोनवर तुझ्या मागे कोंबड्या ऐकू येतात, तू शेजारणीला मोठ्याने हाका मारतेस. चाळीत कधी तुझा एवढा आवाज ऐकला नव्हता. तुला तिथलं मानवलं. मी सदाफुलीच्या जातीची, भिंतीच्या फटीतही खूश. मला चुना चालतो. तुला चालत नव्हता, हे समजायला मला लिंबाची फोड लागली.

आणखी एक. तू निघालीस त्या सकाळी मी तुला सांगितलं तशी रेशनच्या रांगेत नव्हते. नाक्यावरच्या पिठाच्या चक्कीआड उभी होते. तू बसच्या पायरीवरून दोनदा मागे वळून पाहिलंस. मी पुढे आले नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत रडत उभी राहिले आणि मग घरी येऊन अनिशवर उगाच ओरडले.

येताना फणस नको, पिशवीभर माती आण. या वेळी कुंडीत मी घालीन, तू बसून चहा पी.

डोळा बरा झाला की तुला हवं तेव्हा परत जा, मी अडवणार नाही. पण बस सुटेपर्यंत तुझ्या खिडकीखाली मी उभी असेन. तुला मागे वळून शोधावं लागणार नाही.

तुझीच,
चक्कीआडची वैनी