एकेचाळिसावं पुस्तक

रवि. ३ सप्टेंबर १९७८
दुसरी वही सुरू. पहिलीत ३७ पुस्तकं झाली. सव्वादोन वर्षं लागली. आरोग्य केंद्राची नोकरी, घर, वाडी, शैलाची शाळा, सगळं करून ३७. बाहेर सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहिते. मला अभिमान वाटतो.
पद्धत तीच. पुस्तकाचा नंबर, मग कोणत्या पानावरून उठावं लागलं आणि कोणासाठी. उठले की पुस्तकातलं विसरते, पण त्या दिवशी कोणाला काय झालं ते विसरत नाही. पु. ३१, पृ. ६४, भुईगाव, मुलगी, सहा पौंड. एवढं वाचलं तरी तो अख्खा प्रसंग परत समोर.
चर्चमधून, मिस्सा आटोपून येताना वाचनालयात गेले. राऊत गुरुजी निवृत्तीनंतर तिथेच असतात. उघडतात तेच, झाडतात तेच. म्हणाले, "नर्सबाई, तुम्ही परत केलेल्या पुस्तकांना स्पिरिटचा वास येतो." पुस्तक बॅगेत असतं, कात्री, दोरा, साबणाशेजारी. येणारच.

सोम. ११ सप्टें.
सकाळी लसीकरण. एकोणीस पोरं, एकोणीस भोकाडं. दुपारी सायकलने गास गावापर्यंत, दोन गरोदर बायांना भेट. एकीला सूज आहे, मीठ कमी कर म्हटलं. "बाई, आमी मिठागरावर काम करतो नि मीठ कमी कसं करू?" हसत होती. मीही हसले, पण सूज काही बरी नाही. गुरुवारी परत जायचं.
पु. ३८, पृ. २० ते ३३. विहिरीच्या काठावर बसून, ह्यांचं पाणी लावून होईपर्यंत.

गुरु. ५ ऑक्टो.
पु. ४० सोडलं. पृ. ८८. त्यातली माणसं दिवसभर नुसती उसासे टाकतात, कोणालाच काम नाही. आधी वाटायचं पुस्तक सोडणं म्हणजे आपली अक्कल कमी. आता नाही वाटत. चाळिसाव्या पुस्तकाला एवढं तरी यावं.

रवि. २९ ऑक्टो.
गुरुजींनी पु. ४१ दोन्ही हातांनी दिलं. जाड कादंबरी, बक्षीस मिळालेली. "जपून. जानेवारीत वाचनालयाच्या वर्धापनदिनाला हेच लेखक पाहुणे म्हणून येताहेत. पत्र आलंय." गुरुजी इतके खूश होते की मला कव्हर घालून देईपर्यंत सोडेनात.

शनि. ४ नोव्हें.
पु. ४१ पूर्ण. सहा दिवसांत. भाषा सुंदर. शेताचं वर्णन, नदीचं वर्णन, वाचतच राहावं असं. आणि मग पृ. २०३.
नायिका बाळंत होतेय. कळा चालू असताना अडीच पानं बोलते! नवऱ्याला उपदेश, आकाशाचं वर्णन. मी आजवर चारशेच्या वर बाया मोकळ्या केल्या. एकही आकाशाविषयी बोलली नाही. आईला हाका मारतात, नवऱ्याला शिव्या देतात, पाणी मागतात.
तेही चाललं असतं. पण सुईण. कळकट, पिचक्या डोळ्यांची, लोभी, हातात गंजलेली कोयती. नायिकेला रक्त जायला लागतं तर ही कोपऱ्यात बसून पान खाते. नायिका मंद हसून मरते. लेखक म्हणतो, तिचं विधिलिखित.
माझी आई सुईण होती. दर शनिवारी नखं काढायची. कढत पाण्याने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय बाईला शिवायची नाही. तिला अक्षर येत नव्हतं. नर्सिंगच्या ट्रेनिंगला सिस्टरने पहिल्या दिवशी हात धुवायला शिकवले तेव्हा मी रडले होते. सगळ्यांना वाटलं घरची आठवण आली.
रक्त जाणं म्हणजे विधिलिखित नव्हे. पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळायचं, घट्ट होईपर्यंत. मूल छातीला लावायचं. पाय उंच. आई हे करायची. हा माणूस बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशीही कधी उभा राहिला नसेल आणि त्याने

पुरे.

बुध. ८ नोव्हें.
(सुट्या कागदावर. नंतर चिकटवीन.) वही सापडत नाही. शैला काल पुस्तक परत करायला गेली, वही पुस्तकातच होती. तिला सांगायला हवं होतं. तेरा वर्षांची आहे, तिची काय चूक. गुरुजींचं वाचनालय आज बंद, ते सोपाऱ्याला लेकीकडे. देवा, त्यांनी उघडू नये.

रवि. १२ नोव्हें.
उघडली. वाचली. दोनदा.
मिस्सानंतर गेले तर वही टेबलावर, वर त्यांचा चष्मा. म्हणाले, "बाई, दुसऱ्याची वही वाचली, माझी चूक. पहिल्या पानावर तुमचं नाव नव्हतं, कोणाची म्हणून उघडली. मग मिटवेना."
मी वही ओढून घेतली.
"मी चाळीस वर्षं मराठी शिकवली," ते म्हणाले. "ते पान मीही वाचलंय. डोळ्यांतून पाणी काढलं होतं मी. आता लाज वाटते."
मग खरी गोष्ट. वर्धापनदिनाला मी बोलावं. एक वाचक म्हणून, पाच मिनिटं. पृ. २०३ वर.
म्हटलं, गुरुजी, पाहुण्याला बोलावून त्याच्या तोंडावर?
"तोंडावरच. मागे बोलणं बरं नव्हे."
नाही म्हणून आले.

सोम. २० नोव्हें.
ह्यांना सांगितलं. डॉमनिकचं वाचन वर्तमानपत्रापुढे जात नाही, पण माणसांची समज आहे. केळीची वाळकी पानं छाटता छाटता ऐकलं.
"तुझी नोकरी सरकारी. पाहुणा मोठा. समोर चारशे लोक. एक शब्द चुकला तर गाव वर्षभर तेच बोलेल."
"म्हणजे नको?"
"मी नको कुठे म्हटलं? तू घाबरणार आहेस ते सांगतोय."
घाबरलेच आहे. पण त्या सुईणीचे पिचके डोळे जात नाहीत समोरून. उद्या शैला ते पुस्तक वाचेल आणि आपली आजी तशी होती असं समजेल. तिने तर आजीला पाहिलंही नाही.
गुरुजींना हो कळवलं.

बुध. २७ डिसें.
नाताळची गडबड संपली. करंज्या, पाहुणे, देखाव्याचा गोठा सजवणं, त्यात दोन बाळंतपणं. २५ तारखेचा मुलगा, त्याचं नाव काय ठेवणार ते विचारायलाच नको.
वाचन शून्य. त्याऐवजी भाषण लिहिते आणि खोडते. शैलासमोर वाचून दाखवलं. म्हणाली, "आई, तू पेशंटला रागावतेस तसं वाटतंय." खोडलं. परत लिहिलं. आता गुरुजींच्या भाषणासारखं वाटतंय. तेही खोडलं.

सोम. २२ जाने. १९७९
कालचं आज लिहिते, दुपारी, केंद्रात कोणी नाही तोवर.
कार्यक्रम चारचा. साडी इस्त्री करून ठेवलेली. सकाळी दहाला मिठागराकडचा माणूस धावत आला. तीच सूज असलेली, पार्वती. तिला दिवस भरायला अजून आठवडा होता. सायकल काढली.
साडेबाराला मुलगी झाली. छान रडली. वार पडली, आणि मग रक्त. थांबेना. तिची सासू भिंतीला टेकून खालीच बसली. "बाय, पानी दे," पार्वती पुटपुटत होती, ओठ पांढरे. मी पोट चोळायला लागले. इंजेक्शन दिलं. सासूला ओरडून सांगितलं, उठा, पोरीला हिच्या छातीला लावा. उठली बिचारी, लावलं. पायाखाली भाताचं पोतं सरकवलं. किती वेळ गेला माहीत नाही. हाताखाली हळूहळू घट्ट लागायला लागलं. आईने हेच कधीतरी माझा हात धरून दाखवलं होतं, मी पंधरा वर्षांची असताना.
माणसाला केंद्रावर पिटाळलं होतं. जीप आली, वसईच्या दवाखान्यात पोचवलं, डॉक्टर म्हणाले धोका टळला. सायकल जीपमध्येच टाकली होती. तिथून तीच दामटत निघाले, पोचेपर्यंत सव्वापाच. साडीवर डाग, केस सुटलेले. पाहुण्यांचं भाषण संपलं होतं, टाळ्या वाजत होत्या. वाटलं, सुटले. मागच्या मागे घरी जावं.
गुरुजींनी पाहिलं. माईकवर म्हणाले, "आपल्या नर्सबाई आल्या आहेत. पाच मिनिटं बसा सगळे."
कागद घरी. चढले. समोर सगळं गाव, पहिल्या रांगेत फादर, शेजारी हे, हाताची घडी घालून. पाहुणे पांढऱ्या सदऱ्यात, शांत, म्हातारे. मला कोणी तरुण, तोऱ्यातला असेल असं का वाटलं होतं?
काय बोलले ते सगळं आठवत नाही. पुस्तकाची भाषा सुंदर आहे म्हटलं, खरंच आहे म्हणून. मग पृ. २०३. कळा देणारी बाई काय बोलते ते सांगितलं. बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मग आईविषयी. नखं. कढत पाणी. म्हटलं, तुम्ही लिहिलेली सुईण कुठे असेलही, मी नाही म्हणत नाही. पण या गावात जे पन्नाशीच्या आतबाहेर आहेत त्यांच्यातले निम्मे माझ्या आईच्या हातावर आले. ती पान खात बसली असती तर ही सभा अर्धी रिकामी असती.
कोणी टाळी वाजवली नाही.
पाहुणे उभे राहिले. माईक घेतला नाही, तसंच विचारलं, "मग बाई, माझी नायिका वाचली असती?"
म्हटलं, "आज दुपारची वाचली."
आणि मग स्टूल ओढून बसले. टाळ्या कोणी सुरू केल्या कळलं नाही. शैला म्हणते बाबांनी. हे म्हणतात, "छे, मी कशाला." पण परतताना सायकल हेच ढकलत होते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी आपणहून बोलत होते. एरवी मान खाली घालून चालणारा माणूस.

मंगळ. २३ जाने.
एक राहिलंच. सभा संपल्यावर पाहुणे माझ्याकडे आले. वही मागितली. नको म्हणणार होते, पण दिली. उभ्याउभ्या ते पान वाचलं. 'हा माणूस दाराशीही उभा राहिला नसेल' तिथे बोट ठेवलं. म्हणाले, "बरोबर आहे. पहिल्या बायकोच्या वेळी मी अंगणात होतो. आत जाऊ दिलं नाही. बाहेर आली ती बातमीच." वही मिटून परत दिली.
रागावलेली होते त्या माणसावर अडीच महिने. आता काय करू त्या रागाचं, कळत नाही.
पार्वती उठून बसली. पोरगी दूध ओढते.

गुरु. १५ फेब्रु.
त्यांचं पत्र आलं. पोस्टमनने आधी अर्ध्या गावाला सांगून मग माझ्या हातात दिलं. कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय. तो प्रसंग ते नव्याने लिहिणार. सुईण तुमच्या आईसारखी करायची आहे, म्हणतात. तुमच्या वहीतलं आणि आईविषयी आठवेल ते सगळं लिहून पाठवा, सुरुवातीला तुमचं आणि आईचं नाव घालून ऋण मानीन. महिनाअखेर मजकूर छापखान्यात जातो.
खाली वेगळ्या शाईने: 'की तुम्हीच लिहिता? तसं असेल तर मला काही पाठवू नका. मी मग ते पान फक्त काढून टाकीन.'
दहा वेळा वाचलं असेल. नवीन पुस्तक वाचल्यासारखं. पु. ४४ तसंच पडून आहे, पृ. ९.

रवि. १८ फेब्रु.
गुरुजी म्हणतात, पाठवा. "त्यांचं पुस्तक हजारो लोक वाचतात. तुमची आई घरोघरी जाईल. तुमचं कोण छापणार? मी स्पष्ट बोलतो."
स्पष्ट बोलले, बरं केलं. आणि तेही बरोबरच आहे.
मला वाटलं होतं, हेही पाठवच म्हणतील. पण म्हणाले, "आई तुझी. दुसऱ्याच्या गोष्टीत मरणाऱ्या बाईशेजारी कशाला बसवायची तिला? तिची वेगळी लिही." आणि जसं काही बोललेच नाहीत असे पाणी लावायला गेले.
शैलाने एवढंच विचारलं, "तुला लिहिता येईल?" चिडवायला नाही, खरोखर विचारलं.

शनि. २४ फेब्रु.
चार दिवस दुपारी केंद्रात लिहिते. लसींच्या नोंदी आधी, मग हे. आईचे हात, तिची पिशवी, बाळंतीण ओरडायला लागली की ती म्हणायची ते आमच्या बोलीतलं गाणं. ते गाणं शुद्ध मराठीत लिहिलं तर मेल्यासारखं होतं, बोलीत लिहिलं तर पुण्याच्या माणसाला कळणार नाही. बोलीतच ठेवलं.
काल घरी ह्यांनी मागून येऊन वाचलं. वर्तमानपत्रापुढचं पहिलंच वाचन, तेही उभ्याने. म्हणाले, "तुझी आई डावखुरी होती. ते लिहिलं नाहीस." खरंच राहिलं होतं! माझ्या आईचं, आणि जावयाने सांगावं. घातलं.
पाकिटावर पाहुण्यांचा पत्ता लिहून ठेवलाय. आत ही पानं घालायची, की 'मी लिहितेय' एवढी एकच ओळ, ते ठरत नाही.
फेब्रुवारी अठ्ठावीसचा. पाचच पानं झालीत, आणि आई अजून पहिल्या बाळंतपणालाही पोचलेली नाही.