आमेनच्या जागी

७ जून

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इथे सगळे ठीक, फक्त माझीच फजिती झाली. रविवारी चर्चमध्ये उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी मागून झालं आणि शेवटी आमेनच्या जागी माझ्या तोंडून गेलं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." पाणीपुरवठा कचेरीत दिवसभर टेलिफोनवर हेच वाक्य घोकतो ना. पहिला बाक खाली मान घालून हलत होता, त्यात तुझी भावजयही. पाळकसाहेबांनी मोठ्याने आमेन म्हणून वेळ निभावली.

पण मला हसू आलं नाही. ओठ देवाशी बोलत होते आणि मन फुटलेल्या नळामागे धावत होतं. ज्याचं मन थाऱ्यावर नाही, त्याने चारचौघांना देवापुढे काय न्यायचं? पुढच्या बैठकीत चर्चच्या मंडळीतल्या वडीलपणाच्या पदातून मोकळं करा म्हणून सांगणार आहे. ही म्हणते, आधी ताईंना विचारा.

तुझा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. गुडघा कुरकुरतो, पण चढतो.

आता कान इकडे कर. देवापासून लांब गेलो म्हणून प्रार्थना सोडतोस, म्हणजे ताप चढला म्हणून दवाखाना सोडतोस. इतकी वर्षं वॉर्डात नर्स होते, तिथे गुडघे टेकायला सवड कुठली? एका खाटेवरून दुसरीकडे जाताना हात धुवायचे, तेवढ्यात एक वाक्य त्याच्याशी. तेवढ्यावर मी टिकले. तू असं कर, फोनची पहिली घंटा त्याला दे, दुसऱ्या घंटेला उचल.

आणि एक खरं सांग. तुला झोंबलं ते देवापुढे चुकलास म्हणून, की पहिल्या बाकापुढे?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
ताई

१९ जून

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्या बाकापुढे. तू नेमकी दुखरी नस दाबलीस. बैठक झाली, मी तोंड उघडलं नाही.

घंटेचं म्हणशील तर सुरुवातीला सवयीने पहिल्याच घंटेला उचलायचो आणि मग जीभ चावायचो. पुढे जमलं. एका सकाळी त्या एका घंटेत म्हटलं, प्रभू, पलीकडे कोण आहे? उचलला तर एक बाई तावातावाने भांडत होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात पाण्याचा थेंब नाही. ते वाक्य जिभेवर आलंच होतं, पण आधी मी त्यांचं नाव विचारलं. पत्ता आम्ही रोज विचारतो, नाव कधीच नाही. बाईंनी हळू आवाजात नाव सांगितलं. दुपारी टँकर गेला की नाही, हे मी स्वतः विचारून घेतलं.

काल रविवारी पाळकसाहेबांनी मुद्दाम मलाच उभं केलं. मधेच मन निसटलं, थेट त्या बाईंच्या घरी. या वेळी मी त्याला ओढून आणलं नाही, मीच त्याच्या मागे गेलो. बाईंचं नाव घेतलं, त्यांच्या नवऱ्यासाठी मागितलं. कोणी हसलं नाही.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी विचारलं, या बाई आपल्या मंडळीतल्या का? मी म्हटलं, "नाही साहेब, माझ्या मंडळीतल्या. कचेरी उघडली की ती भरते."

आता निघतो, वेळ झाली. माया अशीच ठेव, आणि कान धरायला कचरू नकोस.

तुझा,
धाकटा