रोज एक गोळी

८ जून
अँजिओग्राफी झाली. अब्बांच्या हृदयाची एक नळी नव्वद टक्के बंद! डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. एक – औषध लावलेला फुगा. नळी रुंद करायची, फुगा काढून घ्यायचा, आत काही राहत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी तीन महिने. दुसरं – स्टेंट. जाळी कायमची आत, गोळी वर्षभर, एक दिवस चुकवायची नाही. "फुग्यावर भागेल, बघू," म्हणाले.

अब्बांनी माझा हात धरला. "सबिहा, लोहा नक्को." टेम्पोच्या अपघातानंतर पायात सळई घातली, तर दोन वर्षं पू वाहत होता त्यांना. मी शब्द दिला.

९ जून
डॉक्टर आतून धावत आले. फुगवताना नळी चिरली. "जाळी बसवावीच लागेल. सही करा." केली. दुसरं काय करणार होते!

अब्बांना बाहेर आणल्यावर मीच घाईनं म्हणाले, "फुग्यावरच भागलं." ते छताकडं बघत म्हणाले, "अच्छा किया."

शाळेत खोटं बोलल्याबद्दल पोरांना उभं करते मी.

१२ जून
घरी आलो. स्टेंटचं कार्ड माझ्या साड्यांखाली.

१० सप्टेंबर
अब्बांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढं केलं. "तीन महिने हुए. अब बंद." खरं सांगायचं सोडून मी पाकीट कचऱ्यात टाकलं.

११ सप्टेंबर
नवं पाकीट आणलं. गोळी कुटली, मधात कालवली. सकाळी चमचाभर मध त्यांना लागतोच. "कडवा है की." मी म्हणाले, "कडुनिंबाच्या फुलांचा आहे." चमचा चाटून परत दिला.

जन्मदात्याला चोरून औषध देतेय.

५ ऑक्टोबर
अब्बांच्या दंडावर काळेनिळे डाग. दात घासताना रक्त. शाळेतली रेश्मा म्हणाली, "या गोळीनं होतं गं थोडं. माझ्या सासऱ्यांना व्हायचं." जीव भांड्यात पडला. डॉक्टरांकडं न्यायचं टाळलं – तिथं जाळीचं नाव निघालं असतं.

१२ ऑक्टोबर
आज सांगायचंच होतं. अब्बा खुशीत होते, नाही सांगितलं. भित्री!

१९ ऑक्टोबर
सकाळपासून नाकातून रक्त, थांबेचना. दवाखान्यात नेलं. कापूस भरला, आता थांबलंय. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या किती देता?" अब्बांसमोरच सगळं ओकले – जाळी, खोटं, मध. "पण रोज एकच देते हो!"

अब्बांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं. तीच गोळी, स्वतः मेडिकलमधून आणलेली. "टेबल पे मेरेकू होश था बेटी. डॉक्टर जाळी बोले, मैंच हौ बोला. तुजे बुरा लगेंगा करके चुप रहा."

"आणि तुम्ही रोज किती घेत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच."