सायकलचा लिलाव

प्रिय धाकट्या,

तू दवाखान्यातून लिहिलंस, सायकल विकून टाक. विकली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विकतच होते, घसा बसला माझा.

आघाडीवर एक रुग्णवाहिका पाठवायची असं गल्लीनं ठरवलं, तेव्हा बेकरीवाले काका म्हणाले, एवढ्याशा गल्लीच्या पैशांत गाडीचं चाक तरी येईल का? मी म्हटलं, थेंबे थेंबे तळे साचे. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं आणि दुकानातच लिलाव मांडला. आपली रीत तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षी तुम्हा जवानांच्या मोज्यांसाठी एकच भोपळा दिवसभर विकला होता. घेणाऱ्यानं पैसे टाकायचे आणि वस्तू परत टेबलाशी ठेवायची.

यंदा तुझी सायकल. काकांनी घेतली, परत ठेवली. मास्तरीणबाईंनी घेतली, घंटी वाजवून पाहिली, परत ठेवली. बाबांनीसुद्धा बोली लावली, स्वतःच्याच घरच्या सायकलवर. मग पोस्टात बदलून आलेल्या नव्या साहेबांनी पैसे दिले आणि टांग मारून चालते झाले. त्या बिचाऱ्यांना रीत कुणी सांगितलीच नव्हती. अख्खी गल्ली मागे धावली, तसे ते घाबरून आणखी जोरात पॅडल मारायला लागले. कोपऱ्यावर चेन पडली म्हणून सापडले. खरा प्रकार कळल्यावर ओशाळले, सायकल दिली आणि वर आणखी पैसे टाकले.

पैसे पुरले, रुग्णवाहिका परवा रवाना झाली. तिचे पडदे मी शिवलेत. तुला दवाखान्यात न्यायला वेळेवर गाडी मिळाली नाही, म्हणून डावा पाय गेला, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. तसं पत्र दुसऱ्या कुणाच्या बहिणीला यायला नको, एवढ्याचसाठी मी दिवसभर ओरडत होते. रडायला नंतर वेळ काढला.

आता मुद्द्याचं. घरी येत नाही, तुमच्यावर ओझं नको, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. तेवढं मी बाबांना वाचून दाखवलं नाही. सायकल दुरुस्तीवाल्यानं उजव्या पॅडलला चामड्याचा पट्टा लावलाय. एका पायानं चालते. तो स्वतः गल्लीभर फिरून आला, दोनदा पडला, पण आला. तूही पडशील. सायकल दारात उभी आहे. ती सगळ्यांनी विकत घेतली आणि कुणीच नेली नाही, त्यामुळे विकायचा हक्क आता तुझ्या एकट्याचा राहिलेला नाही. घरी न येण्याचाही नाही. गुरुवारी तुला न्यायला येते आहे. सामान बांधून ठेव.

तुझीच, घसा बसलेली,
ताई