कार्बनची सायकल घ्यावी की नाही, याबाबत

मित्रवर्य योगेंद्र,

तुला नमस्कार, आणि तिकडे गावी तुझ्या मायच्या पायांवर डोकं (पत्रातून ठेवता येतं तेवढं). एव्हाना तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी सुटली असेल. थेंब टाकताना तिला आढ्याकडे बघायला सांग, तुझ्याकडे नको. तुझं गंभीर तोंड बघून तिला हसू येत असणार आणि थेंब गालावर जात असणार, हे मला इथून दिसतं. ती 'पंडित कसा शे?' असं विचारेल. बरा शे म्हणून सांग. माझी साखर जेवणाआधी एकशे अठरा आहे (जेवणानंतरची मी मोजत नाही). रंजनाची कंबर होती तशीच आहे. इथे सुरतेत, लिंबायतमध्ये दोन दिवस पाणी आलं नाही, तिसऱ्या दिवशी इतकं आलं की जिना धुऊन निघाला. तुझ्या घराला कुलूप आहे. मी जाता-येता ओढून बघतो. शेजारचा काल म्हणाला, 'काका, रोज ओढाल तर तुटेल.' त्याचं बरोबर असावं.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच 'मुद्द्याचं बोल, भो' म्हणतोस. या पत्रात मुद्दा आहे, पण तो लवकर येणार नाही, आणि कागदावर तुला मला तोडता येत नाही. शिवाय फोन तू नेहमी उजव्या कानाला लावतोस. तो कान सत्तावीस वर्षं लूमकडे होता, त्यात आता फारसं काही जात नाही. मग मला ओरडावं लागतं आणि आपलं बोलणं गल्लीला आपल्याआधी कळतं.

लिहायचं कारण सायकल. तुझी, कार्बनची. जाताना तू ती माझ्याकडे ठेवलीस आणि म्हणालास, 'पंधरा दिवस चालव, मग ठरव.' दिवाळीला तू ती घेतलीस तेव्हापासून रविवारी तू सायकल क्लबच्या पहिल्या ग्रुपमध्ये असतोस आणि मी दुसऱ्या. यात तुझी चूक नाही. ज्याची सायकल आठ किलोची, तो पुढे. ज्याची अकरा किलोची, तो मागे. क्लब असाच चालतो. पण आठवडाभर कारखान्यात आपली नुसती तोंडं हलतात. 'ताणा तुटला' हे खुणेनं सांगायचं, 'जेवलास का' हे खुणेनं विचारायचं. जॉबरचं काम लूम बंद पडू न देण्याचं, आणि लूम चालू असताना बोलता येत नाही. म्हणजे आपण जितकं चांगलं काम करतो तितकं कमी बोलतो. राहिलं ते रविवारचं, पर्वत पाटियापासून बारडोलीपर्यंत. सहा वर्षं मी तुझ्या डावीकडून, रस्त्याच्या कडेनं, सगळे खड्डे अंगावर घेत चाललो, कारण तुझा डावा कान शाबूत आहे. आता तू अडीच किलोमीटर पुढे असतोस. कडोदऱ्याला मी चहाला पोचतो तेव्हा तुझा कप रिकामा असतो आणि क्लबच्या स्वातीबेननं निघायची शिट्टी वाजवलेली असते. मला कार्बन हवी आहे ती वेगासाठी नाही. त्या कानापर्यंत पोचण्यासाठी हवी आहे. आणि हे जमलं नाही, तर रविवारी सकाळी उठायला मला दुसरं कारण नाही. साखर हे कारण डॉक्टरचं आहे, माझं नाही.

तर चाचणीचा वृत्तांत. पहिल्या दिवशी मी तिला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं. वाटेत दम लागला नाही, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर थांबून बोलायची सवय मोडली आणि सुभद्राबाई रागावल्या (त्यांना वाटलं, मी त्यांच्या दारावरून तोंड फिरवून गेलो). रंजनानं तिला एका हातानं उचललं, गॅसचं सिलिंडर हलवून बघतात तसं हलवलं आणि म्हणाली, 'यात काही नाही. रिकामी आहे. माणसं पैसे कशाचे देतात?' मी म्हणालो, 'जे काढून टाकलंय त्याचे.' ती म्हणाली, 'मग मी तुमच्या पोळीतलं तेल काढते, त्याचे द्या.' किंमत मी इथे लिहीत नाही. हे पत्र पाकिटात घालण्याआधी ती वाचणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुझे ते बूट घातले, जे पॅडलला खटकन अडकतात. (आपल्या दोघांचा पाय एका मापाचा आहे, हे आपल्याला बावीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, चपला चोरीला गेल्या तेव्हा.) अडकतात ते छान. सुटायचं कसं हे तू सांगितलं नव्हतंस. पर्वत पाटियाच्या सिग्नलला मी थांबलो, म्हणजे सायकल थांबली, आणि मग मी तिच्यासकट अगदी सावकाश उजवीकडे आडवा झालो. इतका सावकाश की बाजूच्या रिक्षावाल्याला 'काका, पडता है क्या?' असं विचारायला वेळ मिळाला. मी 'हो' म्हणालो आणि पडलो. चार माणसं धावली. तिघांनी सायकल उचलली. चौथा मला उचलायला आला, पण मी अजून पॅडलला अडकलेला असल्यामुळे तिघांनी सायकल उचलली तेव्हाच मीही अर्धा उचलला गेलो होतो. साडीचे गठ्ठे घेऊन चाललेल्या टेम्पोतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सायकलला ओरखडा नाही. मला आहे, पण तो माझा आहे.

तिसऱ्या दिवशी अडाजणला गजेंद्रच्या दुकानात गेलो. तोच गजेंद्र, नंदुरबारचा, ज्यानं तुझी सायकल जुळवून दिली. त्याला विचारलं, मी घेतली तर कोणती घ्यावी? त्यानं नेहमीचं सगळं सांगितलं: आधी चाकं बदला, मग फ्रेम, गिअर तारेचे चालतील, विजेचे नकोत, उंची मोजा, वय मोजू नका. मी मान हलवत होतो. मग त्यानं कपाटातून एका मोडक्या फ्रेमचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. योगेंद्र, तो तुकडा मी खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघत बसलो. ते कापड आहे. काळा धागा, दोन वर दोन खाली, तिरपी रेघ. आपण विणतो तेच ट्विल. त्याला गोंद पाजून साच्यात वाळवलेलं. जिथे मोडलं होतं तिथे धाग्यांची टोकं बाहेर आली होती, काठ न शिवलेल्या कापडासारखी. मी गजेंद्रला म्हणालो, अरे, हे तर आमचंच काम. तो म्हणाला, 'मास्टर, तुमचं मीटरवर विकतात, हे ग्रॅमवर.' आपण अर्धं आयुष्य कापड विणलं आणि त्याच्यावर बसून कडोदऱ्याला जाता येतं हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. धाग्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते सगळं त्या तुकड्यात होतं: ओढला तर तो किती सहन करतो, आणि दाबला तर किती कमी. हे मी नंतर लक्षात ठेवायला हवं होतं. पुढे येईल.

मग रविवार. मी पहिल्या ग्रुपमध्ये गेलो. स्वातीबेननं 'पंडितभाई, आगळ आवो ने!' म्हणून स्वतः पुढे बोलावलं. (ती बँकेत आहे आणि माणसांना रांगेत पुढे-मागे करण्याची तिला सवय आहे.) खरं सांगतो, सायकल धावते. पाय टाकला की रस्ता उत्तर देतो, विचार करत बसत नाही. सीट मी माझ्या मापाची, दोन बोटं खाली करून घेतली होती. ती वाटेत आणखी खाली सरकत गेली आणि कडोदऱ्यापर्यंत माझे गुडघे छातीला लागायला लागले, पण मी मागे पडलो नाही. सतरा जण एका रांगेत, एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकाला लागेल इतकं जवळ. माझ्यापुढे धनश्री नावाची मुलगी होती. तिचं मागचं चाक आणि तिच्या पाठीवरचा पाण्याचा डाग, एवढंच मी अकरा किलोमीटर बघितलं. ऊस आला आणि गेला म्हणतात, मला दिसला नाही. आणि कोणी बोलत नव्हतं. मला आधी वाटलं, माझाच कान गेला. मग कळलं की रांगेत बोलताच येत नाही. शेजारी कोणी नसतो. खड्डा आला की पुढचा हात खाली करून दाखवतो, मागचा त्याच्या मागच्याला. खुणा, योगेंद्र. रविवारी सकाळी, मोकळ्या हवेत, सतरा माणसं खुणांनी बोलत होती. फक्त लूमचा आवाज नव्हता.

मला वाटलं होतं, तू तिथे मजेत आहेस. डॉक्टर आहेत, वकील आहेत, तू त्यांच्याशी चांगलं काहीतरी बोलत असशील. दिवाळीपासून मी मागे राहून या गप्पांची कल्पना करत होतो आणि त्यात मी तुझ्याशी भांडतही होतो. चहाला मी स्वातीबेनला विचारलं, योगेंद्र इथे कोणाशी बोलतो? ती म्हणाली, 'बोलतात कुठे? रांगेत सगळ्यात शेवटी राहतात आणि सारखं मागे वळून बघतात. दोनदा सांगितलं, योगेंद्रभाई, मागे बघू नका, पडाल. एकदा पडता पडता वाचले पण.' मागून दुसरा ग्रुप यायला अजून आठ मिनिटं होती. मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. आठ मिनिटं किती लांब असतात, हे पुढे पोचलेल्या माणसालाच कळतं. मागे असलेला चालवत असतो.

तेव्हा आता निर्णयाचं काय? कार्बन घेतली तर आपण दोघं पहिल्या ग्रुपमध्ये असू. एकाच रांगेत, तू माझ्या पुढे किंवा मी तुझ्या. मला तुझी पाठ दिसेल. तुझी पाठ मला माहीत आहे. नाही घेतली तर तू मागे बघत राहशील आणि एक दिवस खरंच पडशील, आणि तुझं हाड या वयात जुळायला वेळ लागेल. दोन्ही बाजूंनी विचार केला. गजेंद्र म्हणतो, पुढच्या शनिवारपर्यंत सांगा. रंजना म्हणते, सोमवारपासून सांगा (म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही). तुझा सल्ला काय तो कळव. तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहेस.

मायला जप. तिला हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा मी पडलो तो भाग सावकाश वाच, तिला आवडेल. पण डोळ्याला ताण येईल इतकं हसू देऊ नकोस. रंजना तुम्हाला सर्वांना आठवण सांगते आणि येताना मेहरुणची बोरं मिळाली तर आण म्हणते. मी काही मागत नाही.

तुझ्या डावीकडचा,
पंडित

ता.क. तुझ्या सायकलची सीटची दांडी मोडली आहे. बाकी सर्व ठीक. झालं असं की सीट सरकते म्हणून सोमवारी मी ती घट्ट केली. गजेंद्रकडे एक पाना आहे, तो पुरेसं आवळलं की स्वतः 'टक्' वाजतो. तो वापरा, असं त्यानं मला सांगितलं होतं. मला राग आला. किती आवळायचं हे मला पान्यानं सांगायचं? दोनशे लूमचे बोल्ट मी हातानं आवळतो, कधी एक ढिला निघाला नाही. तर मी हातानं आवळलं. टक् असा आवाज आला, पण तो पान्याचा नव्हता. दांडीला बोटभर चीर आहे आणि चिरेत ट्विल दिसतंय. खर्च माझा. यावर तू काही बोलायचं नाहीस.

ता.क. २. तू जॉबर आहेस, म्हणून तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. बोल्ट पुरे झाला की हाताला कळतं. मलाही कळलं होतं. त्यानंतर मी पाव फेरा आणखी दिला. का दिला, हे मी चार दिवस विचार करतो आहे. चीर पडली तेव्हा वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही. एवढंच लिहितो.

ता.क. ३. तुझी जुनी सायकल मी तुझ्या जिन्याखालून काढली आहे. चेन धुतली, ब्रेकचे रबर बदलले, हवा भरली. तू गुरुवारी येशील. नवी दांडी मागवली आहे, ती त्यानंतर पंधरा दिवसांनी येते. मध्ये दोन रविवार आहेत. अकरा किलोची सायकल घेऊन तुला दुसऱ्या ग्रुपमध्येच यावं लागेल. पत्र लिहायचं कारण हे होतं. गजेंद्र म्हणाला, 'मास्टर, थोडे जास्त दिले तर चार दिवसांत मागवून देतो.' मी त्याला म्हणालो, नको, घाई नाही.