आठ दिवसांचं पाणी

९ जून, सोमवार

पोचले! पेट्याही पोचल्या. विमानतळावर त्या माणसानं विचारलं, "क्या है इसमें?" म्हटलं, "मायक्रोस्कोप." त्यानं एक उघडून बघितला — कागदाची घडी, मधे मुगाच्या दाण्याएवढं भिंग — आणि माझ्याकडे असं बघितलं की बाई, तुला कुणीतरी फसवलंय.

बारा आहेत. मस्कतच्या शाळेनं दिले. दीपमाला मावशीच्या पडेगावच्या घरी वरच्या खोलीत तिचा शिवणवर्ग चालतो. संध्याकाळी चार ते सहा ती खोली माझी. आजूबाजूच्या वस्तीतल्या मुलींना तीन आठवडे विज्ञान शिकवायचं, पुस्तकातून नाही, हातानं करून. खरं कारण इथं लिहायला हरकत नाही — ही वही माझ्या मस्कतच्या एकाही मैत्रिणीला वाचता येणार नाही. पुढच्या वर्षी कॉलेजच्या अर्जात असलं काहीतरी लागतं. आमच्या शाळेतल्या जेसी मिसनी बजावलंय: फोटो हवेत, आणि शेवटी अहवाल. तुझ्यामुळे काय बदललं ते लिहायचं.

मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "बदलशील, बदलशील. आधी हातपाय धू."

११ जून, बुधवार

तीन मुली आल्या. तीन!

टेबलावर मायक्रोस्कोप मांडले आणि म्हटलं, घ्या. तिघींचे हात पाठीमागे. सुलेखा म्हणून एक आहे, आठवीतली, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "फुटलं तर?" अगं कागदाचं आहे. "मग फाटलं तर?" शाळेत म्हणे मायक्रोस्कोप आहे, पण कपाटात, कुलूप लावून. सर वर्षातून एकदा दाखवतात. काय दाखवतात? "कपाट."

शेवटी मी एक उचलला आणि त्यांच्यासमोर फर्रकन फाडला. तिघी किंचाळल्या. मग चिकटपट्टी पुढं केली — जोडा आता. सगळ्यात आधी जो हात आला तो अनिसाचा. तीही आठवीतच. बारीक, डोक्यावर ओढणी, बोलणं जवळजवळ नाहीच. पण असा जोडला की मूळचा वाटावा.

मावशी खालून ओरडली, "काय फाडलंस गं?" ब्लाउजचं कापड वाटलं तिला.

१२ जून, गुरुवार

अकरा!! अनिसा घरोघर फिरून घेऊन आली. वर मलाच म्हणते, "ताई, अजून दोघी येणार होत्या, पण त्यांच्या घरी पाहुणे आलेत."

१४ जून, शनिवार

कांद्याचा पापुद्रा बघितला. म्हटलं, जे दिसतंय ते वहीत काढा.

अकरा वह्या तपासल्या. दहांमध्ये अमिबा! पुस्तकातला, हुबेहूब, बाण काढून नावं दिलेला. कांद्यात अमिबा कुठून आला? "हे दिसलं तुम्हाला?" — "नाही ताई." "मग काढलं कशाला?" सुलेखा म्हणाली, "मार्क ह्यालाच पडतेत."

अनिसाच्या वहीत फक्त एक गोल. जाड काळी कड, आत काहीच नाही. हवेचा बुडबुडा होता तो, पापुद्र्याखाली अडकलेला. तिला तोच दिसला, तिनं तोच काढला. भीत भीत म्हणाली, "चुकलं का?"

मी म्हटलं, अख्ख्या वर्गात तू एकटी बरोबर आहेस. तिचे कान लाल झाले. मला तर एकदम भरून आलं, बुडबुड्यावरून कुणी रडतं का! पण आवडते ही पोरगी मला. मस्कतमध्ये मला अशी एकही मैत्रीण नाही, हेही इथंच लिहून ठेवते.

१८ जून, बुधवार

आजचा वर्ग सगळ्यात भारी झाला! प्रत्येकीनं घरचं पाणी बाटलीतून आणलेलं. इथं नळ आठव्या दिवशी येतात. त्या दिवशी निळे ड्रम भरून ठेवायचे आणि आठ दिवस पुरवायचे. प्यायला, स्वयंपाकाला, सगळ्याला. मला हे ठाऊकच नव्हतं. मस्कतला जाण्याआधी लासूर स्टेशनला आमच्या घरी बोअर होतं, मस्कतला नळ उघडला की पाणी.

अनिसाचं पाणी जिंकलं. भिंगाशिवायच वळवळ दिसत होती — डासांच्या अळ्या! भिंगाखाली तर अळीचं नुसतं डोकंच मावलं. केसाळ, डोळे वटारलेलं. मुली एकमेकींच्या अंगावर पडून बघत होत्या. मी ओरडले, "शी! हे पितं कोण? मी तर मेले तरी नाही पिणार!" सगळ्या खो खो हसल्या. अनिसाही हसली.

फोटो झकास आलेत. जेसी मिस खूश होणार.

२१ जून, शनिवार

कुणी आलं नाही. चार वाजले, साडेचार. खाली मावशीच्या मशिनचा आवाज तेवढा.

पावणेपाचला सुलेखा आली, तीही घरी नेलेला मायक्रोस्कोप परत द्यायला. दारातूनच म्हणाली, "घरचे नको म्हनतेत ताई. अनिसानं काय केलं ते कळलं ना तुमाला?"

अनिसानं काल सकाळी घरातला ड्रम ओतून दिला. अर्धा भरलेला. तिची आई, हसीनाचाची, सकाळी खानावळीत पोळ्या लाटायला जाते. ती गेल्यावर अनिसानं ड्रम आडवा केला, विटकरीनं घासला, धुतला, उलटा ठेवला. काल नळ यायचे होते म्हणे. पण इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं — नळ सूं करून वाजल्याशिवाय जुनं पाणी ओतायचं नाही. आणि नेमकी काल कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली. नळ आलेच नाहीत. कधी येतील ते कुणी सांगत नाही.

"लई मार बसला तिला," सुलेखा म्हणाली. "ह्यो विज्ञानाचा वर्ग पोरींना येडं करतो असं सगळ्या गल्लीत झालं."

मीच केलं हे. मीच दाखवल्या तिला त्या अळ्या.

२२ जून, रविवार

मावशीला घेऊन अनिसाच्या घरी गेले. हसीनाचाची ओट्यावरच भेटल्या. आत या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितली. पाठ करून गेले होते, अर्धी विसरले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "बेटा, तुमच्याकडे नळ उघडला की पानी. आमच्याकडे ड्रम बघून आठ दिवस जगायचं. पोरगी शिकावी असं मलाबी वाटतं. मी सातवीत सोडली शाळा. पन शिकून ती पानी ओतायला लागली तर मी काय करू? अब नक्को."

अनिसा आत, दाराच्या मागं. धाकटी लाइबा तेवढी बाहेर येऊन माझ्या ओढणीशी खेळत होती. नळ येईपर्यंत पाणी आणायचं काम अनिसाचं. मशिदीजवळच्या बोअरवरून, सायकलला कॅन बांधून. म्हणजे शाळाही बुडणार. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नाही! आणि इथं एकदा मुलगी चार दिवस घरी बसली की पाचव्या दिवशी तिला घरी ठेवायला निमित्त लागत नाही. हे मावशीचं म्हणणं.

२३ जून, सोमवार

दिवसभर रडले. मावशी म्हणाली, "रडून ड्रम भरतो का? भरत असंल तर रड, मीबी बसते."

२४ जून, मंगळवार

सकाळी सहाला बोअरवर गेले. बायका बघत होत्या, एक म्हणाली, "ही परदेसवाली ना?" अनिसा रांगेत होती. मला बघून तिनं मान फिरवली. मी तिच्या मागं उभी राहिले आणि नंबर आल्यावर न विचारता एक कॅन उचलला.

कुठं उचलतंय! सायकल तिनं धरली, कॅन मी — आणि घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी माझ्या सलवारीवर. तेव्हा हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा. "ताई, तुमने तो पूरा रस्ता धो डाला."

दुसऱ्या खेपेला मी विचारलं, "का ओतलंस गं?" म्हणाली, "असंच." मी म्हटलं, "त्या अळ्यांना घाबरलीस ना?" ती कितीतरी वेळ कॅनचं झाकण फिरवत राहिली, ते घट्ट बसलेलं असूनही. मग म्हणाली, "हौ."

मी कॅन उचलला आणि पुढं झाले.

२५ जून, बुधवार

चार खेपा. खांद्याला वळ उठलाय, मावशीनं तेल चोळलं आणि वर टोमणा, "हा वळबी फोटोत येऊ दे." सुलेखाही आली होती मदतीला, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. सातला अनिसाला जबरदस्तीनं शाळेत पाठवलं, उरलेल्या दोन खेपा आम्ही दोघींनी केल्या; सुलेखा म्हणे, तिला एक दिवस उशीर चालतो. शेवटच्या खेपेला हसीनाचाचींनी खानावळीत निघण्याआधी ओट्यावर तीन कप चहा आणून ठेवला. तिसरा त्यांचा स्वतःचा. बसल्या आमच्याबरोबर!

२६ जून, गुरुवार

नळ आले!! पहाटेच गल्लीत आरडाओरडा — आले, आले! भांड्यांचा, बादल्यांचा नुसता दणदणाट. मी चप्पल न घालता पळाले. अनिसाचा ड्रम भरताना बघितला, काठापर्यंत. हसीनाचाचींनी वरून जुनी साडी चौघडी करून बांधली, दोरी आवळली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कुठून घुसतील तुझे ते राक्षस?"

चारला वर्गात अकराच्या अकरा. अनिसाला त्यांनी स्वतः सोडलं, जिन्यापर्यंत येऊन.

आज आम्ही मागच्या बाटलीतलं पाणी आधी ओढणीतून गाळलं, मग मावशीच्या गॅसवर खळखळ उकळलं, मग भिंगाखाली घातलं. सामसूम. सुलेखा म्हणाली, "मेले सगळे. आता ह्यांचा फोटो काढा." सगळ्याजणींनी वहीत जे दिसलं तेच काढलं. म्हणजे काहीच नाही. अकरा कोऱ्या पानांखाली मी अकरा वेळा "छान" लिहिलं.

२८ जून, शनिवार

अहवाल पाठवला. परवा परतीचं विमान.

एक वाक्य फारच जमलंय, इंग्रजीतलं इथं मराठीत उतरवते: "केवळ एका प्रयोगानंतर एका विद्यार्थिनीने घरातील दूषित पाणी स्वतःहून टाकून दिले, वैज्ञानिक दृष्टिकोन रुजल्याचे हे बोलके उदाहरण होय." मार, रांग, कॅन — ते काही लिहिलं नाही. पण खोटं तर नाही ना काही? जेसी मिसचं लगेच उत्तर: हेच हवं होतं!

संध्याकाळी लाइबा निरोप घेऊन आली. "अम्मीने बोला, कल दोपहर को खाना हमारे घर. पक्का." मावशीला लग्नाचे ब्लाउज द्यायचेत, ती येत नाही. मी एकटीच जाणार. काय घालू?

२९ जून, रविवार

दालचा-चावल होतं. तिखटजाळ. दुसऱ्याच घासाला ठसका लागला आणि मी सवयीनं पिशवीतून माझी बाटली काढली.

लाइबा मांडीला मांडी लावून बसली होती. म्हणाली, "दीदी, अब तो हमारा पानी साफ है. आपाने आपके वास्तेच तो फेका था ना पूरा ड्रम. पिछले इतवार को आपकी दावत थी. बस आपको बोलना बाकी था."

अनिसानं तिच्या तोंडावर हात दाबला, पण बोलून झालं होतं. हसीनाचाची "कुछ भी बोलती ये" म्हणत उठून चुलीकडे गेल्या.

अळ्यांना भ्यालीच नव्हती ती. मी म्हणाले होते, मेले तरी पिणार नाही — आणि रविवारी मी तिच्या घरी जेवणार होते. एवढंच. त्यासाठी मार खाल्ला, कॅन वाहिले, माझ्याच शेजारी चालली, आणि मी विचारलं तेव्हा "हौ" म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. इतका जीवही कुणी लावला नव्हता.

बाटली पिशवीत टाकली. अनिसा खाली बघत होती. मी रिकामा पेला तिच्यापुढं धरला. तिनं वर बघितलं, आणि भरला.