तुमची वेळ ठरली, धन्यवाद!

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (नुसतं ‘बरा आहे’ असं लिहू नकोस. जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही लिही.) मी मजेत.

मी ऑफिसात नेमकं काय करते, असं तू विचारलं होतंस. नुकताच एका दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी वेळ ठरवण्याचा ऑनलाइन फॉर्म केला. त्यात कोणी भलतंच काही भरलं, की त्यामागच्या प्रोग्रामने, म्हणजे कोडने, ती चूक वर फेकायची असते आणि कोडच्याच वरच्या भागाने ती झेलून भरणाऱ्याला नीट समजावायचं असतं. (आपल्या घरासारखंच. मी फेकते, आई बाजूला सरकते, झेलतेस तू.) प्रत्येक चुकीला आपले स्वतःचे शब्द देता येतात. मी दिले: ‘ही तारीख उलटून गेली आहे’, ‘रविवारी दवाखाना बंद असतो’.

आमच्या साहेबांना (ऑफिसातलं नाव हिरवा दिवा, लाल अक्षरं दिसली की त्यांना घाम फुटतो) ते बघवेना. “अगं, गिऱ्हाइकाला कोणी तोंडावर चूक सांगतं का? झेल आणि गप्प बस!” म्हणजे चूक झेलायची, पुढे काहीच करायचं नाही, आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘तुमची वेळ ठरली, धन्यवाद!’ मी लेखी विरोध नोंदवला. त्यालाही धन्यवाद आले.

मग सगळ्यांचीच वेळ ठरू लागली. रविवारी बंद दारासमोर गाल धरून रांग लागली. एका आजोबांना तर गेल्या वर्षीची तारीख मिळाली होती आणि ते बिचारे उशीर झाल्याबद्दल माफी मागत होते. डॉक्टरीणबाईंनी फोनवर जे ऐकवलं, ते हिरव्या रंगात बसणारं नव्हतं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “काहीतरी तांत्रिक अडचण आली, नाही का?” मी म्हटलं, अडचण तांत्रिक नव्हती, तुम्ही होता. त्यावर मला ‘वृत्ती नकारात्मक’ असा शेरा मिळाला. बाकी काम छान चाललं आहे.

तुझी भाची

ता.क. छान चाललेलं काम मी सोमवारी सोडलं. सगळी चूक माझीच होती, असं लिहून मागत होते.

ता.क. २: बाबांना तू सांग. पण ‘तिचं काहीतरी बिनसलंय’ असं मोघम नको. ते मला थेट डॉक्टरकडे नेतील. ‘नोकरी सोडली, खोटं लिहून दिलं नाही’, एवढंच, ह्याच शब्दांत.

ता.क. ३: जरा लवकर सांग. ते रोज फोनवर “सगळं ठीक ना?” विचारतात, आणि मी हिरव्या अक्षरांत उत्तर देते.